बंदुकीची लाल चिंधी

तुळसा लग्न होऊन अलोऱ्याजवळच्या वाडीत आली, तेव्हा सासूनं तिला आधी देव दाखवले आणि मग बंदूक. आजेसासऱ्यानं पलटणीतून परतताना ती सरहद्दीवरून आणली होती. कुणा पठाण लोहारानं हातानं घडवलेली, दस्त्यावर पितळी खिळ्यांची नक्षी. चाळीस वर्षं तुळसेनं तिला हळदकुंकू वाहिलं आणि चाळीस वर्षं मनातून तिचा रागही केला. मारलेली डुकरं अंगणात यायची, रक्त धुवायचं तुळसेनं. पुरुषांनी नुसत्या मिशा पिळायच्या!

घरात एक रीत होती. नळीत दारू ठासलेली असली की बंदुकीच्या घोड्याला लाल चिंधी बांधायची, बार काढल्यावरच सोडायची. बायका बंदुकीला हात लावायच्या तो फक्त दसऱ्याला, पुसण्यापुरता. त्यांना ही रीत सांगावी असं कुणाला कधी वाटलंच नाही. तुळसेला वाटायचं, चिंधी दृष्ट लागू नये म्हणून असेल.

यंदा तयार भातात डुकरं शिरली. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी तिच्या दिरानं, सदूनं, बंदूक ठासून पडवीत टांगली. सकाळी तुळसेनं ती पुसायला काढली. तेलकट, मळकी चिंधी देवापुढे कशाला, म्हणून सोडून कनवटीला खोचली आणि झेंडूची माळ बांधली.

पूजा झाली. तिच्या नवऱ्यानं, आप्पानं, घोडा पाहिला. चिंधी नव्हती. दसऱ्याचा बार काढायला त्यानं वरून पुन्हा दारू ठासली. ठासायचा गज पुरता खाली जात नव्हता, पण घाईत ते त्याच्या ध्यानात आलं नाही. त्यानं दस्ता गालाला लावून चाप ओढला.

नळी घोड्यापाशीच फुटली. आप्पाचा अर्धा चेहरा गेला आणि तो सारवलेल्या अंगणात कोसळला. तुळसेनं धावत जाऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो संपला होता. बार ऐकून सदू गोठ्यातून धावत आला.

सणाला मुंबईहून आलेल्या अनिलनं, तिच्या मुलानं, तीच फुटकी बंदूक उचलली आणि दस्ता सदूच्या तोंडावर हाणला.

"चिंदी का नाय बांदलीस? सख्ख्या भावाला मारलंस!"

"बांदलेली रे," सदू दातांसकट रक्त थुंकत म्हणाला.

"खोटा बोलतोस, काका!" दुसरा घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज अंगणभर ऐकू आला. सदू गुडघ्यांवर बसला. त्यानं हात वर केला नाही.

तुळसेला आत्ता कळलं, ती चिंधी कशाची ते. सोडताना कुणी पाहिलं नव्हतं. नवरा गेला होता, आता एवढा एक मुलगाच उरला होता. गप्प राहिली असती तर तो तरी तिचा राहिला असता.

अनिलनं तिसऱ्यांदा दस्ता उगारला, या वेळी डोक्यावर.

"थांब!" तिनं कनवटीची चिंधी काढून पुढे धरली. "मी सोडली ती. घाण दिसली म्हणून. मला कधी कुणी सांगितलाच नाय रे."

अनिल वळला. दस्ता अजून वरच होता, आणि तो आता आईकडे बघत होता.

सदू मोडका खांदा धरून गुडघ्यांवर सरकत आला आणि तुळसेच्या पुढ्यात आडवा आला.

"वैनीला नको," तो म्हणाला. "मलाच मार."