चपला घालूनच पोळ्या

मथुराबाई यवतमाळकडच्या. मुलगा हिंजवडीच्या कंपनीची गाडी चालवायला लागला, तशा त्या पुण्यात आल्या आणि महिन्याभरात पाच घरच्या पोळ्या धरल्या. चार घरं वारज्यातली, संगणकवाल्यांची. पाचवं नारायण पेठेत, निवृत्त शिक्षिका उल्काताईंचं.

एका सकाळी उल्काताई कडाडल्या, “अहो, फरशीवर कुंकू कुणी सांडलं?”

ओट्यापासून फ्रिजपर्यंत लाल ठिपके. मथुराबाईंनी तव्यावरची पोळी उलटली आणि मगच खाली पाहिलं. टाचेत काचेचा तुकडा.

“मले तर समजलंच नाही जी.”

“काच रुतून समजत नाही? सर्कशीत होतात का?”

मधुमेह आठ वर्षांचा, तळवे बधिर झालेले. डॉक्टरांनी टाच साफ करता करता बजावलं, “पाय टिकवायचाय ना? मग घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. रोज तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या, चपलेत पाय घालण्याआधी आत हात फिरवायचा. पुढची जखम चिघळली तर बोटं काढावी लागतील.”

टाचेची जखम भरली. मथुराबाईंनी मऊ तळाच्या नव्या चपला घेतल्या आणि घरोघरी सांगून टाकलं, आता चपला घालूनच पोळ्या. वारज्यातली सुरुची लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली, “शुअर, मावशी!” उल्काताई मात्र स्वयंपाकघराच्या दारात आडव्या उभ्या.

“चाळीस वर्षांत इथे चपलेचा पाय पडलेला नाही. समोर देव आहेत.”

“या चपला रस्त्यावर जाणार नाहीत जी. इथंच राहतील, फडताळात.”

“फडताळात? लोणच्याशेजारी?”

“मग ओट्याखाली ठेवा. पण अनवाणी मी आता कोणाच्याच घरी उभी राहत नाही. देवाच्या बी नाही.”

आणि त्या निघाल्या.

उल्काताईंनी दोन दिवस पाव खाल्ला. तिसऱ्या दिवशी स्वतः कणीक मळली. चौथ्या दिवशी फोन केला.

“चपला धुऊन आणा.”

“नव्या आहेत.”

“नव्यासुद्धा धुतात!”

मथुराबाई आल्या. चपलांत हात फिरवून पाय घालणार, तोच उल्काताई चष्मा पुसत म्हणाल्या, “थांबा. आधी तळवे दाखवा.”

“काहून? काल रात्री पाह्यले मी. काही नाही.”

“कंबर वाकत नाही तुमची, काय दिसलं असणार? बसा स्टुलावर.”

उल्काताईंनी पाऊल उजेडाकडे वळवलं. करंगळीखाली वाटाण्याएवढा फोड.

“हे काय मग?”

मथुराबाईंनी पाय सोडवून घेतला आणि परातीकडे हात नेला.

“उठा. दवाखान्यात.”

“आणि कणीक?”

“कणकेला मधुमेह नाही. थांबेल ती.”

फोड वेळेत सापडला, म्हणून आठवड्यात बसला. आता मथुराबाईंचे तळवे रोज सकाळी उल्काताई तपासतात, शेरे मारत. परवा नव्या घरच्या बाईंनी विचारलं, “मावशी, किती घ्याल?”

“ते मग सांगते. पहिले चपलेचं बोला.”