जोगळेकरांच्या टेबलावरची ऑपरेटिंग सिस्टम

राखोलीच्या सूत कारखान्यातली आमची जुनी मंडळी जमली, की चहा यायच्या आधीच जोगळेकरांच्या कॉम्प्युटरचा विषय निघतो. तो चालला किती, ते विचारू नका. पण न चालण्याच्या काळात त्याने जे किस्से दिले, ते अजून पुरतायत.

जोगळेकर मूळचे पुण्याचे, आमच्याकडे इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. ऐंशीच्या दशकात त्यांनी सुट्या चिप्स जमवून सिल्वासाच्या क्वार्टरमध्ये, जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर बांधला. पडदा म्हणून घरचाच टीव्ही. मशीन झालं, पण त्यावर सीपीएम नावाची ऑपरेटिंग सिस्टम काही चढेना. दीड वर्ष नवराबायको जमिनीवर बसून जेवत होते. शेवटी वहिनी म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत चाललं तर ठीक. नाहीतर टेबल माझं."

* * *

कँटीनमध्ये जोगळेकर मला म्हणाले, "दिवाळीच्या आत सीपीएम आणतोच." ते कुणीतरी ऐकलं. दुपारी मॅनेजरसाहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"जोगळेकर, तुम्ही स्टाफमधले. कामगारांची तक्रार असेल तर मला सांगा. लाल झेंडा कशाला?"

जोगळेकरांनी पंधरा मिनिटं फ्लॉपी आणि प्रोग्रॅम समजावून सांगितले. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. पण तुमच्याबरोबर माणसं किती आहेत?"

* * *

बिल्डिंगमध्ये कुणी मिक्सर लावला, की व्होल्टेज पडायचं आणि मशीन बसायचं. आमचा इलेक्ट्रिशियन अहिरे, धुळ्याकडचा, जीव लावणारा माणूस. एका रविवारी तो स्वतःहून घरोघर सांगत फिरला, "जोगळेकरसाहेबांचं ऑपरेटिंग चालू आहे. दुपारपर्यंत मिक्सर लावू नका, भाऊ."

संध्याकाळी शेजारी केळी, मोसंबी घेऊन हजर. जोगळेकर दारात उभे. एका काकांनी दबक्या आवाजात विचारलं, "कसं झालं ऑपरेशन?"

"फसलं," जोगळेकर म्हणाले. "पुढच्या रविवारी परत करतो."

* * *

एकदा फ्लॉपी ड्राइव्ह घेऊन ते मुंबईच्या मित्राकडे निघाले. वापीकडे जाताना नाक्यावर बस थांबली. आमच्याकडे सिल्वासाला दारू खुली, पलीकडे गुजरातेत बंदी, त्यामुळे तिथे पोलीस पिशव्या तपासायचे. जोगळेकरांच्या पिशवीत स्पिरिटची बाटली सापडली.

"ये क्या है?"

"हेड साफ करने के लिए," जोगळेकर म्हणाले. ड्राइव्हमधलं, फ्लॉपी वाचणारं हेड, हे सांगायचं राहून गेलं.

हवालदाराने बाटली हुंगली. "साहब, यहाँ से सब लोग हेड साफ करने को ही ले जाते हैं."

* * *

दिवाळीला चार दिवस उरले. फ्लॉपीवरून सिस्टम कशी उचलायची, हे मशीनला शिकवणारा प्रोग्रॅम हातानेच भरावा लागायचा. पानंच्या पानं नुसते आकडे आणि अक्षरं. वहिनी वाचायच्या, "सी तीन, शून्य शून्य, एफ दोन," आणि जोगळेकर बटणं दाबायचे. सगळं भरून झालं, तीनदा फ्लॉपी घालून पाहिली, तरी टीव्ही काळाच. जोगळेकर डोकं धरून बसले. अहिरे आणि मी शेजारीच उभे.

वहिनी आत पोळ्या लाटत होत्या. लाटता लाटताच म्हणाल्या, "दुसऱ्या पानावर तुम्ही पाणी मागितलंत. मी उठले. परत आल्यावर एखादी ओळ सुटली असेल का?"

पान काढून ताडून पाहिलं. एक ओळ सुटलेली होती. जोगळेकरांनी ती भरली, फ्लॉपी आत ढकलली. ड्राइव्ह घरघरला आणि टीव्हीच्या कोपऱ्यात इंग्रजी 'ए' उमटला, त्याच्यापुढे एक छोटा बाण. जोगळेकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. अहिरेने हळूच त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

वहिनी पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "एवढंच? काय म्हणतोय तो?"

"तो विचारतोय," जोगळेकर म्हणाले, "'बोला, काय करू?'"

वहिनींनी पिठाचे हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "या घरात असं विचारणारा हा पहिलाच."