साडूच्या मागे मागे

बोरी अरबच्या धर्मपालने एकोणतीस वर्षं एसटी चालवली. निवृत्त झाल्यावर त्याने फक्त जागा बदलली, ड्रायव्हरच्या सीटवरून उठला आणि घरच्या ओट्यावर बसला. मग साखर अडीचशेच्या वर गेली. दारव्ह्याच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांची मुदत दिली. रोज चाला, नाहीतर इन्सुलिन घ्या. सुईला तर हा गडी इतका घाबरायचा, की लस टोचायला त्याला दोघांनी धरून न्यावं लागलं होतं.

आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स दीपा मॅडमनी त्याला समोर बसवून समजावलं. "काका, भीतीनं माणूस आठ दिवस चालते. लोकायनं वाहवा केली तं महिनाभर चालते. सोताले गोडी लागली तरच जनमभर. तुमचं कोनतं कारन हाये?"

"गोडीचं," धर्मपाल म्हणाला आणि चक्क खोटं बोलला.

खरं कारण मागच्या गल्लीत राहत होतं. त्याचा साडू प्रफुल्ल, बायकोच्या, म्हणजे जयाच्या, थोरल्या बहिणीचा नवरा. एकसष्टीचा माणूस, पण पोट सपाट आणि चाल अशी की बघणाऱ्याच्या पोटात दुखावं. रोज पहाटे तो नहराच्या पुलापर्यंत जायचा, तिथल्या बाभळीचं दातून तोडायचा आणि ते चावत चावत मुद्दाम धर्मपालच्या ओट्यासमोरून परत यायचा. त्या रस्त्यावर बाभूळ फक्त पुलापाशी होती, म्हणून तिथवर गेल्याची तीच पावती.

"भाऊजी पाहा, आनि तुमी पाहा," जया म्हणायची. ती एवढंच म्हणायची, पण धर्मपालला दिवसभर चहा गोड लागायचा नाही. तसा तो बिनसाखरेचाच होता.

तो चालायला लागला. चारच दिवसांत त्याने लबाडी केली. घराजवळच्या बुद्धविहारामागूनच दातून तोडलं आणि ऐटीत चावत घरी आला. जयाने नुसता वास घेतला. "हे कडूनिंबाचं हाये. पुलावर कडूनिंब कदी उगवला?" दुपारपर्यंत ही गोष्ट मागच्या गल्लीत पोचली. संध्याकाळी प्रफुल्ल खो खो हसला.

त्या हसण्याने धर्मपालचं रक्त खवळलं. दुसऱ्या दिवशी तो खरंच पुलावर गेला. साडूच्या पाठीवर डोळे रोवून, मनातल्या मनात त्याला शिव्या घालत, रोज. एक दिवस तरी ह्याच्या पुढे जायचं, एवढाच ध्यास. गुडघे दुखायचे, पण साडूची पाठ लांब जाताना दिसली की त्याहून जास्त दुखायचं. दोन महिन्यांत साखर दीडशेवर आली. डॉक्टर खूष झाले. धर्मपालला त्याचं काही नव्हतं, तो अजून मागेच होता.

मग प्रफुल्ल मुलाकडे पुण्याला गेला, तीन महिन्यांसाठी. धर्मपालला स्वर्ग दोन बोटं उरला. रस्ता आता त्याच्या एकट्याचा! पहिल्या दिवशी तो पुलापर्यंत गेला आणि मागे वळून पाहिलं. कुणीच नव्हतं. पुढेही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो अर्ध्यातून वळला. आठवड्याने पहाटे जाग आली तेव्हा त्याने कूस बदलली.

महिन्याने साखर दोनशे तीस. "पंधरा दिवस पाहू," डॉक्टर म्हणाले, "नाही उतरली तर सुई."

त्या दुपारी तो बराच वेळ ओट्यावर बसला. लाज वाटत होती आणि रागही येत होता. सुईची भीती होती, तरी पाय उचलत नव्हते. शेवटी त्याने पुण्याला फोन लावला.

"भाऊ, तिथं चालता का?"

"चालतो ना. इथं मोठा बगीचा हाये. आज सात किलोमीटर झालं."

सात! धर्मपालच्या छातीत काहीतरी चर्रकन जळलं. किती दिवसांनी बरं वाटलं त्याला.

"मले रोज सकाळी फोन करत जा. तुमी किती चालले ते सांगत जा."

"काहून बा?"

धर्मपालने घरात पाहिलं. जया दारातच उभी होती, ऐकत होती. तरी तो बोलला.

"तुमच्यावर जळल्याबिगर माहे पाय उचलत नाही, भाऊ. असा मानूस हाओ मी."

प्रफुल्ल हसेल म्हणून धर्मपालने कान लाल करून ठेवले होते.

"मंग उद्या आठ करतो," प्रफुल्ल म्हणाला.

"हलकट," धर्मपाल म्हणाला, आणि भर उन्हात चपला शोधायला लागला.