मामाचा फेटा आणि पितळी पिन

विश्वास ठेवायचा तर ठेवा, माझा काही आग्रह नाही. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, राहायला बदलापूर, कुळगाव. आयुष्यभर फॉल्टच शोधत आलो. कोणी भुताखेताच्या गोष्टी काढल्या की मी म्हणायचो, "आधी अर्थिंग चेक कर!"

मागच्या वर्षी गरम चहावर फुंकर मारली की डावा हात बधिर पडायला लागला. तपासण्या झाल्या. मोयामोया म्हणे... मेंदूला रक्त नेणाऱ्या नसा हळूहळू बंद होत जातात. आजार दुर्मीळ, आणि आला आमच्याच वाट्याला! डॉक्टरांनी उजव्या कानापुढची, कातडीखालची नस कवटीतून आत नेऊन मेंदूच्या नसेला जोडली. बायपास. मला लगेच पटलं, लाइन बंद पडली की आपणही दुसरीकडून जोडतोच की. ताकीद एकच — त्या नसेवर दाब नको. टोपी नको, चष्म्याची दांडीसुद्धा सैल.

पुढे थोड्याच महिन्यांत माझ्या भाचीचं, प्राचीचं लग्न. जांभूळ गावी, दाजींच्या दारात. प्राचीची आई, म्हणजे माझी ताई, काही वर्षांपूर्वी डोक्यात रक्तस्राव होऊन गेली. तेव्हा कोणी नसा बघितल्याच नाहीत, आणि हा आजार रक्ताच्या नात्यात येऊ शकतो म्हणे. आता "आई तशी गेली, मामाचंही डोकं उघडलं" हे मुलाकडे कळलं तर पोरीचं लग्न मोडेल, या भीतीने मी ऑपरेशनचं घराबाहेर कोणाला सांगितलंच नाही. केस वाढले, टाके झाकले, विषय संपला असं वाटलं.

आणि दाजींचे थोरले भाऊ, आप्पा, फेटा घेऊन हजर! त्यांनी बांधलेला फेटा म्हणे दुसऱ्या दिवशी टोपीसारखा उचलून ठेवता येतो. खोलीत आम्ही दोघंच.

"नाय बोलाचा नाय, मामा!" म्हणत त्यांनी करकचून बांधला. जरा वेळाने डावी बोटं झिणझिणायला लागली. घाबरलो, खोटं कशाला सांगू? हात वर नेतोय तोच फेटा सुटून खांद्यावर.

"आयला, असा कदी झालाच नाय!" आप्पांनी पुन्हा बांधला, वर मोठी सेफ्टी पिन मारली. पितळी, एका बाजूला हिरवट डाग असलेली. दारापर्यंतही पोचलो नाही तर तोही सळसळत खाली! कापडाला पिनेची भोकं होती, फाटलं कुठेच नव्हतं. पिन मात्र गायब.

आप्पांचा चेहराच उतरला. "ऱ्हाऊ दे मामा. खांद्यावर घे."

तसाच प्राचीला मांडवात आणायला आतल्या खोलीत गेलो. तिच्या हातात ताईची बांगडी होती. ताईला सवयच होती, बांगडीत कायम एक पिन अडकवलेली. बघतो तर त्या बांगडीत पिन. बंद केलेली. पितळी. तोच हिरवट डाग.

"प्राची, ही कुठून आली?"

"अगंबाई! मामा, मी नाही लावली..."

आप्पा तर त्या खोलीतून माझ्याबरोबरच आलेले, माझ्या मागेच उभे होते. मला रडूच फुटलं. लोकांना वाटलं, भाचीसाठी रडतोय.

लग्न झाल्यावर प्राचीला आणि जावयाला समोर बसवून सगळं सांगितलं. जावई म्हणाला, "मामा, आधी सांगितलं असतं तरी मी हिच्याशीच लग्न केलं असतं." स्वतः नेऊन त्याने तिचा स्कॅन करून घेतला. नसा स्वच्छ आहेत.

मी रोज सकाळी कानापुढे बोट ठेवतो. टकटक चालू आहे, दुकानही चालू आहे. फेटा कसा सुटला हा फॉल्ट मात्र मला अजून सापडलेला नाही. आप्पांनी पिन परत मागितली नाही, आणि प्राचीने ती बांगडीतून काढलेली नाही.