रुमालाखालचा हात

वाकडला राहणाऱ्या माझ्या नातीला शाळेनं सुट्टीत वाचायला एक कादंबरी दिली होती. मुलांसाठी लिहिलेली, जुन्या काळची, दूरच्या देशातल्या एका काळ्या कुटुंबाची. गोरा दुकानदार त्यांना मागच्या दारानं माल देतो. बाप एक दिवस पोराबाळांसकट पुढच्या दारानं आत शिरतो. शेवटी दुकानदार शरमतो, डोक्यावरची टोपी काढतो आणि बापाचा हात हातात घेतो. नातीनं ते शेवटचं पान मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि डोळे पुसले.

मी विचारलं, "हात घेतला ते ठीक. माल केवढ्याला दिला?"

"असं काही लिहिलेलं नाही, आजी."

"मग पुस्तक अर्धंच आहे."

ती रुसली. म्हणाली, तुला कुठलीच गोष्ट चांगली वाटत नाही, सगळ्यांत तुला लबाडी दिसते. खरं आहे. भंगाराच्या धंद्यात मी जन्म काढला. कुणी हसून बोललं की मी आधी त्याचा काटा तपासते. पण ही सवय धंद्यानं नाही लावली. ती लागली चाकणच्या बैलबाजारात, मी सतरा वर्षांची होते तेव्हा. माझा बापही एकदा असाच पुढच्या दारानं शिरला होता. तिथं कुणी टोपी काढली नाही. नातीला तोंडी सांगायला गेले तर ती मध्येच मोबाइल बघते, म्हणून लिहिते आहे.

आम्ही मोशीचे, गावाबाहेरच्या महारवाड्यातले. गावात कुणाचं ढोर मेलं की ते ओढून न्यायचं काम आमच्या वस्तीचं. मोबदला म्हणजे शिळी भाकरी, आणि उशीर झाला तर शिवी. एकोणीसशे पंचावन्नच्या सुमाराला वस्तीनं हे काम सोडायचं ठरवलं. ठरवलं सगळ्यांनी, पण गावाच्या तोंडावर 'न्हाई' म्हणायची पाळी पहिल्यांदा आबावर, माझ्या बापावर आली. पाटलाच्या वाड्यातली म्हैस मेली होती. आबा हात मागं बांधून उभा राहिला आणि म्हणाला, "आता न्हाई." एवढंच. तो मुळातच कमी बोलणारा.

गावानंही थोडक्यातच उत्तर दिलं. "आमची ढोरं वढत न्हाई ना? मग तुमची ढोरं आमच्या गायरानात न्हाईत."

आमच्याकडं एक बैलजोडी होती. खोंडं होती तेव्हापासून मी वाढवलेली. गायरान बंद, विकतचा कडबा परवडत नव्हता. बरगड्या दिसायच्या आत जोडी विकायची, असं आईनं ठरवलं. पिंपरीला तेव्हा नव्या कारखान्याच्या भिंती उठत होत्या, अंगात जोर असणाऱ्याला काम होतं. जोडी चांगल्या भावानं गेली तर पिंपरीला खोली. पडेल भावानं गेली तर पुन्हा ढोरं ओढायची, आणि या वेळी हात जोडून.

बैलबाजारात बाया जात नसत. पण ही जोडी माझ्याशिवाय कुणी कासरा धरला की अडून बसायची. शिवाय मी पिंपरीच्या कॅम्पात गवताचे भारे विकायचे. तिथल्या, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासित बाया एका आण्यासाठी जीव खायच्या आणि मी त्यांना पुरून उरायचे. आई आबाला म्हणाली, "हिला संगं न्या. तुमच्या तोंडात जीभ न्हाई, हिच्या तोंडात दोन हायत."

बैलबाजारात भाव तोंडानं ठरत नाही. विकणारा आणि घेणारा हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं धरून आकडा सांगतात. बाहेर तोंडं भलतंच बोलत असतात, पाऊस, पोरीचं लग्न, काहीही. खरा आकडा त्या दोघांनाच ठाऊक. त्यामुळं सौदा फिसकटला तरी पुढचं गिऱ्हाईक कोऱ्या मनानं येतं. आमच्या लोकांचा हात मात्र कुणी धरत नसे. विटाळ होतो म्हणून. आम्ही भाव तोंडानं सांगायचा, चारचौघांत.

सकाळी एक दलाल आमच्यापाशी आला. कडक इस्त्रीचं धोतर, तोंडात पान. त्यानं बैलांच्या तोंडात हात घालून दात पाहिले, वशिंड चाचपलं, शेपटी ओढून पाहिली. मग दोन पावलं मागं सरला आणि काठी टेकून म्हणाला, "बोल रे, काय म्हनतोस?"

बैल शिवायला चालला. त्याला रोज धुणारा माणूस चालला नाही.

आबा म्हणाला, "रुमाल टाका."

"कशावर?"

"हातावर. समद्यांच्या टाकता तसा."

दलालानं आजूबाजूच्यांकडं बघितलं. "ऐकलं का राव? ह्याला रुमाल पायजे. बाजार हाय का लगीन?"

"अंतरपाट धरा की मग!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळा घोळका हसला.

मी म्हणाले, "धरा. मंगलाष्टकं तुमीच म्हना, रेड्यावानी गळा हाय."

"पोरीला आवर," दलाल आबाला म्हणाला.

आबानं मला आवरलं नाही. त्याला म्हणाला, "शिवाशिव आता गुन्हा हाय. कायदा झालाय."

"मग जा की फौजदाराकडं. तो येईस्तोवर बैलांना काय घालशील? कायदा?" आणि मग त्यानं सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा आवाज चढवला, "जोडीला दोनशे! दोनशे बोलतोय मी! कुनी वर जातंय का?"

कोण जाणार? सगळे दलाल एकाच ताटात जेवणारे. एकदा दोनशे मोठ्यानं बोलले गेले की त्या दिवसापुरती आमची जोडी दोनशेची. तिथं उभ्या उभ्या मला कळलं की ह्याला विटाळाची भीती वगैरे काही नाही. खरा विटाळ असता तर त्यानं आमचे बैलही शिवले नसते. हात धरायचा नाही, म्हणजे भाव उघडा पडतो. उघडा पडला की पाडता येतो. पिढ्यान्‌पिढ्या आमचे लोक खाली मान घालून समजत राहिले की आपल्यातच काही खोट आहे, आणि यांचं त्यावर दुकान चाललं होतं. तो राग माझ्या डोक्यातून अजून उतरलेला नाही, आणि मी उतरवायचा प्रयत्नही केलेला नाही.

आबा बाभळीखाली बसला. म्हणाला, "हात धरल्याशिवाय भाव सांगनार न्हाई."

दुपार झाली. आजूबाजूच्या दावणी रिकाम्या होत गेल्या. येणारे-जाणारे आमच्याकडं बघून कुजबुजायचे. एकानं मला विचारलं, बैल मारका आहे का. दुसऱ्यानं विचारलं, रात्री खोकतो म्हणे. ही पुडी कुणी सोडली ते सांगायची गरज नव्हती. मग एक म्हातारा आबाच्या जवळ येऊन बसला. अंतर राखूनच, पण आवाजात साखर. "कशाला हट्ट करतोस बाबा? सव्वादोनशे देतो, गुपचूप घे. पोरीची जात उन्हात वाळतीय."

आबाचं मन हललेलं मला दिसलं. मी त्याच्या कानात म्हणाले, "आबा, हा त्या दलालाचाच मानूस. मघाशी त्याच्याच चंचीतला तंबाखू मळत हुता."

म्हातारा उठून निघून गेला. जाताना दलालाकडं बघून त्यानं मान हलवली, तेव्हा आबालाही पटलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा एक मुसलमान व्यापारी आला. त्याच्या भाड्याच्या बैलगाड्या होत्या, पिंपरीच्या बांधकामावर वाळू-विटा टाकायच्या. त्यानं दात पाहिले नाहीत, खूर पाहिले. मला विचारलं, "गाडीला जुंपलीत कधी? चढाला बसत्यात का?"

मी म्हणाले, "बसायला ती काय दलाल हायत?"

तो हसला. खांद्यावरचा रुमाल काढून त्यानं स्वतःच्या हातावर टाकला आणि हात आबापुढं केला.

दलाल लांबून म्हणाला, "चाचा, कुनाचा हात धरताय ते ठाऊक हाय ना?"

"बैलं विकणाऱ्याचा," तो म्हणाला. आबाकडं बघून, "आण भाऊ."

आबानं हात रुमालाखाली घातला. आणि मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं तर ते कोरं होतं. सकाळपासून ज्या रुमालासाठी आम्ही भांडत होतो, त्याच्या आत काय बोलतात ते आम्हाला ठाऊकच नव्हतं! कोण शिकवणार होतं? ज्याचा हात कधी कुणी धरला नाही त्याला बोटांची भाषा कुठून येणार? कुठलं बोट म्हणजे किती, आबाला कळत नव्हतं. आणि विचारणार कसं? दलाल टक लावून बघत होता. आबा 'म्हंजी काय' म्हणाला असता तर तो बाजार आजवर आमच्यावर हसत राहिला असता.

आबानं मग त्याला येत होतं तेच केलं. "न्हाई," म्हणाला.

व्यापाऱ्यानं आत काहीतरी बदललं. "पाऊस बरा झाला का मोशीला?"

"न्हाई," आबा म्हणाला. पावसाला की भावाला, देव जाणे.

"माणूस कडक आहे," व्यापारी मला म्हणाला. पुन्हा दाबलं. पुन्हा "न्हाई". हो म्हणायचं कधी, हे आबाला कळायला मार्गच नव्हता. मला आत दिसत नव्हतं, म्हणून मी बाहेरचं बघत राहिले. इतका वेळ व्यापाऱ्याची नजर बैलांवर होती. चौथ्यांदा दाबल्यावर ती बैलांवरून सुटली आणि आपल्या गाड्यांच्या वाटेकडं गेली. कॅम्पातल्या बायांची नजर अशी फिरली की भाव पुढं ताणण्यात अर्थ नसायचा. मी कासरा हिसडला, बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. "आबा, उन्हं गेली."

"व्हय," आबा म्हणाला.

व्यापाऱ्यानं रुमाल काढला आणि नोटा आबाच्या हातात दिल्या, टाकल्या नाहीत. चारशे. आकडा आम्हाला तेव्हाच कळला. आबानं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. कासरा मी माझ्या हातानं सोडला, त्याबद्दल लिहीत नाही.

परतताना इंद्रायणीचा पूल आला. आबा म्हणाला, "हात धरला त्यानं."

"फुकट कोन धरतंय? जोडी सहाशेची असंल."

"तुला बाई सगळ्यात कुसळ दिसतं."

पिंपरीला खोली मिळाली. एक खण, पत्र्याचं छप्पर, पण आमची. आबा बांधकामावर जाऊ लागला. ढोरं ओढणं कायमचं सुटलं. इथं नातीच्या पुस्तकात शेवटचं पान आलं असतं.

पण दलालानं हार मानली नव्हती. त्यानं बाजारात सांगायला सुरुवात केली, त्या बैलांना एवढा भाव कुठला, चाचानं खैरात केली. दोनशेची जोडी, दोनशे वर दान. ते मोशीत पोचलं, मोशीतून आमच्या खोलीपर्यंत. नात्यातल्या एकानं आबाला हसत विचारलं, "दानात आनखी काय काय मिळालं?" आबा हसला नाही. त्या दिवसापासून तो जोडीचा विषय काढेनासा झाला. मला वाईट ह्याचं वाटलं की मलाही आतून तोच संशय होता. दोनशेचे चारशे का झाले? एकतर जोडी सहाशेची होती आणि आम्ही बुडालो होतो, नाहीतर त्यानं आमची कीव केली होती. दोन्ही मला चालणार नव्हतं. कीव तर मुळीच नाही.

मी खोलीपुढं कडबा विकायला लागले. गाडीवान थांबायचे, त्यांत त्या व्यापाऱ्याचेही. एका म्हाताऱ्या गाडीवानाला मी रोज एक पेंढी जास्त टाकायला लागले आणि बदल्यात बोटांची भाषा मागितली. तो आधी लाजला, मग माझ्या पदराखाली हात धरून त्यानं सगळी शिकवली. एक बोट म्हणजे शंभर. दोन, तीन, चार. बोटाचं अर्धं पेर दाबलं की वर पन्नास.

त्या संध्याकाळी मी आबासमोर बसले. माझा हात पुढं केला, वर टॉवेल टाकला. "आबा, चाकणात त्यानं तुमचा हात कसा धरला हुता, तसा माझा धरा. पयल्यापासून."

"दोन-तीन सालं झाली त्याला. आता काय ध्यानात?"

"हाताच्या ध्यानात असंल."

होतं. तसा हात त्याचा आयुष्यात एकदाच धरला गेला होता, तो विसरणार कसा? आबानं डोळे मिटले आणि सावकाश माझी बोटं धरली. आधी दोन. मग दोन आणि अर्धं पेर. मग तीन. शेवटी चार.

मी हसायला लागले. इतकी हसले की आई चुलीपुढून उठून आली.

आबा टॉवेल बाजूला करून म्हणाला, "का ग? काय झालं?"

"पयल्यांदा त्यानंबी दोनशेच धरले हुते, आबा! दलालाएवढेच. तुमाला बुडवायलाच बसला हुता त्यो. तुमी न्हाई न्हाई म्हनत गेला म्हनून एकेक बोट चढला."

आबानं विचारलं, "म्हंजी खैरात न्हाई?"

"कसली खैरात! पाटलाला बुडवायला बघतो, तसंच तुमाला बघत हुता."

आबानं स्वतःच्या हाताकडं पाहिलं, मग आईकडं. "मग मानूस सरळ हाय," म्हणाला, आणि पुष्कळ दिवसांनी त्यानं आईला विचारलं, की आपल्या जोडीतला डावा बैल चढाला जास्त ओढायचा की उजवा.