तहकूब सभा

आमची वस्ती खर्ड्याच्या बाजूला, माळावर. चाळीस उंबरे. गाव तीन किलोमीटर खाली, मध्ये ओढा. ग्रामपंचायत दोघांची एकच, पण तिचं ऑफिस, रेशन, दवाखाना सगळं गावात. वस्तीवर आमची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, चौथीपर्यंतची शाळा. तिला जागा मी दिली. मी स्वतः दुसरीतून उठलो, पण सही करतो. अंगठा कधी दिला नाही.

दसरा झाला की वस्ती रिकामी होते. तरणी माणसं ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यात परत येतात. मागं आम्ही म्हातारे आणि शाळेतली पोरं. शाळा होती म्हणूनच पोरं मागं राहायची. माझी नात तेव्हा दुसरीत होती. ट्रॅक्टरवर चढताना मुलगा म्हणाला, "आबा, तुमी हाय म्हणून हिला ठेवून चाललो. न्हाईतर तिकडं उसाच्या फडात, कोपीवर ऱ्हायला न्यावी लागंल."

मी म्हणालो, "जा बिनघोर."

त्याच हंगामात सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत विषय आला. वस्तीच्या शाळेत पोरं कमी, म्हणून ती बंद करून गावच्या शाळेत मिळवायची. वर पाठवायला ग्रामसभेचा ठराव पाहिजे. मी वस्तीवरचे झाडून सगळे म्हातारे-म्हाताऱ्या टेम्पोत घातले. माझ्यासकट एकोणीस.

झेंडावंदनानंतर सभा बसली. सरपंच माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, "आबा, तीन किलोमीटर म्हंजे काय लांब हाय का? पोरांना गाडी लावू."

"पावसाळ्यात वढ्यात पवती का तुजी गाडी?"

माणसं हसली. मागून एक जण ओरडला, "तुमच्याकडं पोरं बारा अन् मास्तर दोन. पोरं वाढवायचा ठराव घ्या की!"

आमच्यातली एक म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, "आता आमच्याच्यानं व्हायचं न्हाई रं बाबा ते." सगळी सभा हसली. त्या हसण्यातच सरपंच म्हणाला, "चला, हात वर करा."

हात मोजले असते तर आम्ही हरलो असतो, ते दिसत होतं. पण एवढी वर्षं सभा बघून मला एक गोष्ट ठाऊक होती. कोरमला शंभर माणूस लागतं. मी वहीत आधीच डोकावलं होतं, सह्या एकशे सात. मी उठलो. "वस्तीवाले, उठा! आता मोजा म्हनावं मानसं." आम्ही एकोणीस उठून बाहेर आलो. सभा तहकूब झाली. सरपंचाचं तोंड उतरलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं.

टेम्पोत चढणार तेवढ्यात ग्रामसेविका पळत आली. तरणी पोरगी, नोकरीला नवी. मला टेम्पोच्या मागं घेऊन हळू आवाजात म्हणाली, "आबा, जाऊ नका. तहकूब झालेली सभा पुन्हा बसते ना, तिला कोरम लागत नाही. दहा माणसं असली तरी ठराव होतो. आत चला, निदान तुमचा विरोध लिहून घेते."

मला वाटलं, सरपंचानं पाठवली. मी म्हणालो, "मॅडम, तुमचं वय किती? त्याच्या दुप्पट वर्सं मी ह्या पंचायतीची पायरी चढतोय."

मी वळून टेम्पोत चढलो. टेम्पोतल्यांनी विचारलं, "काय म्हनत हुती, आबा?"

"काय म्हनती? पाया पडत हुती."

वस्तीवर त्या दिवशी घरोघरी मला गुळाचा चहा झाला.

आठ-दहा दिवसांनी शाळेच्या दारावर तहकूब सभेची नोटीस चिकटली. बायको म्हणाली, "अवो, जाऊन तर या."

"कशाला? मी गेलो तर माजंच डोकं कोरमात मोजत्याल."

मी ओट्यावर बसून राहिलो. गावात तेरा माणसांनी ठराव केला. पुढं त्याची नक्कल मी एकेक अक्षर लावून वाचली. शेवटी लिहिलं होतं, विरोध कोणाचाही नाही.

जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. सरपंचानं गाडी लावली, खोटं कशाला बोलू. पण ओढ्याला पाणी आलं की ती पलीकडंच उभी राहायची. मी नातीला खांद्यावर घेऊन दोनदा ओढा ओलांडला. तिसऱ्यांदा पाय सरकला, दोघंही भिजलो, आणि बायकोनं पाठवणं बंद केलं.

दसऱ्याला मुलगा पुन्हा ऊसतोडीला निघाला. मला न विचारताच त्यानं पोरीचे कपडे पिशवीत भरले. नात मात्र खुशीत होती, आईजवळ राहायला मिळणार म्हणून. आता तिथं कोपीवर धाकट्या भावाला सांभाळते, उसाच्या शेंड्याचं वाढं गोळा करून मोळ्या बांधते. परवा फोनवर म्हणाली, "आबा, माजी मोळी आता सुटत न्हाई."

मी म्हणालो, "शाब्बास."

वस्ती अजून म्हणते, गावानं घात केला. ह्या निवडणुकीत त्यांनी मला बिनविरोध सदस्य केलं. आबा एकटा लढला म्हणतात. मी हार घालून घेतला. ग्रामसेविकेची बदली झाली, कुठं ते ठाऊक नाही. टेम्पोमागं ती काय बोलली ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

परवा नातीनंतर फोन मुलानं घेतला. गावाला दोन शिव्या दिल्या आणि म्हणाला, "आबा, तुमी तरी काय करनार हुता? तुमाला म्हाईतच न्हवतं."

मी म्हणालो, "व्हय. म्हाईत न्हवतं."