चक्कर मारून आल्यावर

माझी स्कूटर दुरुस्त करणारा पंचवटीतला मेकॅनिक हात चालवता चालवता सतत बोलतो. "काकू, मी बाई असतो ना, तर हिरवी साडी नेसून, गॉगल लावून स्कूटरवर वणीला गेलो असतो. देवीची ओटी स्वतः भरली असती." हे सांगताना त्याचे डोळे चमकतात, हातातला पाना थांबतो. आधी मला ती थट्टाच वाटायची.

परवा ब्रेक नीट करून तो चक्कर मारायला गेला. परतला तेव्हा केस विस्कटलेले, चेहरा फुललेला. उतरता उतरता म्हणाला, "काकू, मी आले."

आणि स्वतःचाच 'आले' ऐकून माझ्याकडे बघत राहिला.

"आलीस?" मी म्हणाले. "ब्रेक कसे लागतात?"

"लय भारी," ती म्हणाली.